गाळलेली ओळ

(शवविच्छेदन विभागातील परिचर श्री. बहिरू थविल यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त झालेल्या निरोप समारंभात कार्यालय अधीक्षक श्रीमती मोहिनी गायधनी यांनी केलेले भाषण. नाशिक, ३१ मे २००७.)

या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. किशोर कोठावदे साहेब. बंदोबस्तातून वेळ काढून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले पोलीस निरीक्षक साहेब. व्यासपीठावर यायला तीनदा नकार देऊन चौथ्यांदा आलेले आमचे सत्कारमूर्ती बहिरूदादा थविल. त्यांच्या शेजारी पदर सावरत बसलेल्या साळूबाई. समोर बसलेले सर्व डॉक्टर, परिचारिका भगिनी, माझे कार्यालयीन सहकारी, पेठहून जीप भरून आलेली थविल मंडळी, निवृत्त पोलीस जमादार गोटीराम, आणि शेवटच्या रांगेत खुर्ची रिकामी असूनही भिंतीला टेकून उभे असलेले रावजीभाऊ, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

रावजीभाऊ, बसा आधी. तुम्ही उभे राहिलात तर मला बोलता यायचं नाही.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. बत्तीस वर्षांत मी कुणाला माझ्या टेबलासमोर पाच मिनिटांच्या वर उभं राहू दिलं नाही, त्याचं उट्टं काढलेलं दिसतंय. काढा. कार्यालयात माझं टोपणनाव काय आहे तेही मला ठाऊक आहे. या रुग्णालयात दोन करवती आहेत, एक शवविच्छेदनगृहात आणि दुसरी आस्थापना शाखेत, हे वाक्य ज्याने काढलं तो आज पहिल्या रांगेत बसून खाली बघतोय. असू दे. वाक्य चांगलं आहे, आणि आज मला वाक्यांबद्दलच बोलायचं आहे.

मघाशी दादांचा सत्कार झाला. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, आणि साहेबांनी हातात दिलेला नारळ दादांच्या हातातून निसटून गडगडत खाली गेला. आपण सगळे हसलो. कुणीतरी म्हणालंसुद्धा, दादा, आयुष्यभर मुडदे उचलले आणि एक नारळ पेलेना होय? दादाही हसले आणि डाव्या हाताने नारळ घेतला. मीही हसले, आणि हसता हसता मला माझीच लाज वाटली. कारण दादांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत नाहीत. ती अकरा वर्षांपूर्वी मोडली. कुणी मोडली हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. कुणामुळे मोडली हे या सभागृहात फक्त दोन माणसांना माहीत आहे, आणि ती दोघंही आत्ता या व्यासपीठावर आहेत. ते सांगायलाच मी उभी आहे. गौरवपर भाषणं बाकीचे करतीलच.

तर आधी दादांविषयी. बहिरूदादा पंचाहत्तर साली पेठ तालुक्यातून इथे आले. शिक्षण चौथी पास. घरी डोंगरउतारावर नागली आणि वरई, तीही पाऊस देईल तेवढी. इथे त्यांना काम मिळालं ते शवविच्छेदनगृहातलं, म्हणजे जे काम दुसरं कुणी मागत नाही ते. मुडदा टेबलावर घ्यायचा, डॉक्टर सांगतील तसा उघडायचा, नंतर शिवायचा, धुवायचा आणि नातेवाइकांना द्यायचा. दादा शिवायचे इतकं बारीक की एकदा एका म्हातारीने लेकाचं पोट पाहून विचारलं होतं, हे कोण्या शिंप्यानं शिवलं? पोस्टमार्टेम झाल्यावर दादा मेलेल्या माणसाचे केस विंचरायचे. नियमात कुठे लिहिलंय? कुठेही नाही. मी नियमांचं पुस्तक पाठ केलेली बाई आहे, विचारा मला.

पंचाण्णव साली डॉ. किशोर कोठावदे इथे रुजू झाले. अठ्ठावीस वर्षांचे, सटाण्याकडचे, अंगाने काडी आणि उत्साह एवढा की बघणाऱ्याला थकवा यावा. साहेब, लाजू नका, खरं तेच बोलतेय. त्यांनी ठरवलं की खालच्या कर्मचाऱ्यांनाही आपण काय करतो ते कळलं पाहिजे. मग दर सोमवारी फळ्यावर एक शब्द लिहायचे आणि आमच्या शाळेतल्या गुरुजींसारखं म्हणायचे, अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करा. पहिल्याच सोमवारी शब्द होता, हिस्टोपॅथॉलॉजी.

आता इथे पेठची मंडळी बसली आहेत, म्हणून अर्थ सांगते. माणसाच्या शरीराचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, औषधात मुरवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्या तपासणीचं हे नाव. डोळ्यांना जे दिसत नाही ते तिथे दिसतं. दादा तो फळ्यावरचा शब्द बघतच राहिले आणि म्हणाले, ‘सायेब, हा शबूद हाय का आगगाडी?’ त्या दिवसापासून आमच्याकडे त्या शब्दाचं नाव आगगाडी. दादांना इंग्रजी वाचता यायचं नाही, अजूनही येत नाही, पण कुठल्याही कागदावर ती आगगाडी उभी असली की ते बोट ठेवून दाखवायचे.

आणि वाक्यं काय करायचे. ‘सासरेबुवा मला पोरगी द्याया तयार नव्हते, त्यांनी आधी माझी हिस्टोपॅथॉलॉजी केली.’ साळूबाई, हसू नका, हे वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. ‘कॅन्टीनच्या भज्यात काय हाय ते हिस्टोपॅथॉलॉजीबिगर कळायचं नाय.’ मी तिथून जाताना ऐकलं आणि ओरडले की कामं नाहीत का तुम्हाला. तर दादा म्हणाले, ‘बाई, तुमीबी एक करा ना वाक्य.’ मी म्हटलं, मला वेळ नाही. ते माझ्याकडून राहिलेलं आहे.

दादांची आणखी एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवतात. बरणीवर नावाची चिठ्ठी चिकटवतात, ती बाहेरची. पण फॉर्मॅलिन ओघळलं की शाई पसरते, डिंक सुटतो, आणि चिठ्ठी पडली की कोण कुणाची काकी. म्हणून जाणती माणसं दुसरी एक चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बरणीच्या आतच टाकतात. पेन्सिलीचं अक्षर त्या पाण्यात वर्षानुवर्षं जात नाही. दादा नाव विचारून, अक्षर अक्षर लावून, मराठीत ती आतली चिठ्ठी लिहायचे. आणि म्हणायचे, बाहेरच्या चिठ्ठीवर इश्वास ठेवू नये.

आता शहाण्णव सालची दिवाळी. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. रावजीभाऊंची, हे जे शेवटच्या रांगेत बसलेत त्यांची, मुलगी ललिता आमच्या टेबलावर आली. वय तेवीस. मखमलाबादच्या बाजूला रावजीभाऊंचा फुलांचा मळा, पंचवटीतल्या बाजारात झेंडू आणि गुलाब तेच आणतात. पोरगी पिंपळगाव बसवंतला दिली होती. नवऱ्याचं द्राक्षाचं पॅकहाउस, दारात दोन टेम्पो, नाव मोठं. नवरा आणि दीर म्हणाले, घरात गळफास घेतला. दिराचं नाव चिमाजी. हे नाव लक्षात ठेवा.

दिवाळीला ललिता माहेरी आली होती. पहिल्या आंघोळीला आई, कलाबाई, तेल लावायला बसली तर तिने हातांना लावू दिलं, पायांना लावू दिलं, पाठीला लावू दिलं नाही. म्हणाली, मला गुदगुल्या होतात. कलाबाईंनी ते मला नंतर सांगितलं, अनेकदा सांगितलं, त्या असेपर्यंत दुसरं काही सांगितलंच नाही म्हणा ना.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. गळ्यावर दोराची खूण होती. पाठीवर काळे-हिरवे डाग होते. गळ्याच्या आत, स्नायूंत, रक्त साकळलेलं होतं. डॉक्टरांना शंका आली की हिला आधी हाताने गळा दाबून मारली आणि मग टांगली. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. जिवंत माणसाच्या गळ्याला दोर लागला तर कातडी आतून एक प्रकारे बोलते आणि मेलेल्याच्या गळ्याला लागला तर गप्प राहते, आणि हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणून डॉक्टरांनी गळ्याच्या आणि पाठीच्या कातडीचे तुकडे काढले, दादांनी ते बरणीत भरले, बाहेर एक चिठ्ठी, आत एक चिठ्ठी. बरणी जाणार होती दुसऱ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजला. आमच्या पद्धतीप्रमाणे अहवालात त्याची एक ओळ असावी लागते. ती ओळ नसेल तर ती बरणी कुणाचीच नाही. तशी बरणी ओतून देतात.

आणि त्या अहवालात ती ओळ नव्हती.

जुन्या लोकांना इथपर्यंत माहीत आहे. डॉक्टर नवे होते, ओळ सांगायला विसरले, असं चौकशीत ठरलं. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं, ‘माझ्या नजरचुकीने.’ निष्काळजीपणाचा शेरा बसला, सुरगाण्याला बदली झाली, बढती चार वर्षं मागे गेली. साहेब, तुम्ही आता माझ्याकडे असं बघू नका. मला पुढे बोलायचं आहे.

वीज गेली वाटतं. नेहमीचंच. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या आपल्या उशाशी आणि अंधार आपल्याच घरात. जनरेटर लावू नका, त्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही. माझ्या आवाजाला माईक कधी लागला? खिडक्या उघडा फक्त.

शवविच्छेदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चार माणसं शवविच्छेदनगृहात शिरली. दादा एकटे होते. त्यांना बरणी हवी होती. दादा म्हणाले, कसली बरणी? पहिला गज पाठीत बसला. दुसरा गुडघ्यावर. दादा पडले तेव्हा एकाने त्यांचा उजवा हात धरून लोखंडी दाराच्या चौकटीत ठेवला आणि दुसऱ्याने दार लावलं. मग विचारलं, कुठली बरणी? दादा म्हणाले, माहीत नाही. दार उघडून पुन्हा लावलं. हाडाचा आवाज बाहेर झाडाखाली बसलेल्या नातेवाइकांनी ऐकला, आणि कुणीही उठलं नाही. तिसऱ्यांदा दार लावलं तेव्हा दादांनी डाव्या हाताने फळीकडे बोट केलं. ललिताच्या नावाची बरणी होती तिथे, चिठ्ठी चिकटवलेली. त्यांनी ती भिंतीवर आपटली. फॉर्मॅलिन सगळ्या खोलीत उडालं. ज्यांना त्याचा वास ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं आणि श्वास आत जात नाही. ती चौघं खोकत, डोळे चोळत पळाली. दादा त्या पाण्यात, काचांत, मोडलेल्या हातानिशी पडून राहिले. त्यांच्या नाकाचा वास त्या दिवशी गेला तो गेलाच. रावजीभाऊ, दर दिवाळीला तुम्ही दादांच्या दारात गुलाब ठेवून जाता ना, दादा ते नाकाला लावतात आणि वा वा म्हणतात. त्यांना काही येत नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण फोडली ती बरणी ललिताची नव्हती. ती जुनी, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलेली बरणी होती. दादांनी त्याच सकाळी ललिताच्या बरणीची बाहेरची चिठ्ठी सोडवून तिच्यावर चिकटवली होती. खरी बरणी बिनचिठ्ठीची, जंतुनाशकाच्या डब्यांमागे होती, आत पेन्सिलीने ‘ललिता’ लिहिलेली. मी नंतर दादांना विचारलं, दादा, मग पहिल्याच फटक्याला बोट का नाही दाखवलंत? तीन वेळा दार कशाला सोसलं? तर म्हणाले, ‘पयल्या फटक्याला सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं, बाई.’

त्याच दुपारी प्लास्टर ओलं असताना दादांनी डॉक्टरांना निरोप धाडला, सायेब, बरणी हाय, कागदात ओळ नाय. डॉक्टरांनी पुरवणी पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी गोटीराम जमादार आणि दादा एसटीने गेले. गोटीराम सांगतात, सहा तासांत दादांनी बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही, चहासुद्धा गोटीरामांनी पाजला. दीड महिन्याने अहवाल आला. दोर लागला तेव्हा ललिता मेलेली होती. पाठीवरचे मार एका दिवसाचे नव्हते. काही आदल्या दिवशीचे, काही दहा दिवसांपूर्वीचे, काही त्याहून जुने. म्हणजे कलाबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या तेव्हा ते तिथे होते.

नव्व्याण्णव साली खटला चालला. आरोपीच्या वकिलाने दादांना पिंजऱ्यात घेतलं. शिक्षण किती, चौथी. इंग्रजी येतं का, नाही. मग बरणी कसली होती ते तुम्हाला काय कळणार? ज्या तपासणीसाठी बरणी नेलीत तिचं नाव तरी सांगता येईल का? कोर्टात हसले लोक. दादा म्हणाले, हिस्टोपॅथॉलॉजी. वकील म्हणाला, पोपटही बोलतो, अर्थ सांगा. दादा न्यायाधीशांकडे वळले आणि म्हणाले, ‘सायेब, पोरीच्या गळ्याला दोर लागला तवा ती जित्ती व्हती का मेलेली, हे ज्यानं कळतं त्याला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणत्यात.’ मग कुणी हसलं नाही. मी मागच्या बाकावर फाइल घेऊन बसले होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ वाक्यं टाइप केली, असं एकही नाही.

नवऱ्याला जन्मठेप झाली. चिमाजी सुटला. खुनात तो होता हे सिद्ध झालं नाही. आणि दादांना मारल्याचा जो वेगळा खटला होता, त्यात दादांनी त्याला ओळखलं होतं, नाव घेऊन सांगितलं होतं. पण वकिलाने एकच मुद्दा धरला. अहवालात बरणीचा उल्लेखच नाही. मग अशी बरणी आहे हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? आणि जी माहीतच नाही ती फोडायला तो येईल कशाला? परिचर स्वतःच दारू पिऊन बरण्यांवर पडला असणार. दादांनी आयुष्यात दारू घेतलेली नाही. पण मुद्दा कोर्टाला पटण्यासारखा होता. चिमाजी आजही टेम्पो फिरवतो, मागच्या महिन्यात तो मला पंचवटीत दिसला आणि त्याने मला नमस्कार केला.

त्याला कळलं कसं, ते मी सांगते.

अहवाल मी टाइप करायचे. माझं टाइपिंग कुणी तपासायचं नाही, ही इथली रीत होती, आणि मला तिचा गर्व होता. गायधनीबाईंनी टाइप केलंय ना, मग आणा, असं म्हणून डॉक्टर पंधरा-पंधरा कागदांवर न वाचता सही करायचे. त्या दुपारी साडेतीनला ललिताचा अहवाल माझ्या यंत्रात होता, संपत आला होता. डॉक्टरांनी सांगितलेली ओळ मी टाइप केली होती. केली होती, साहेब. तुम्ही सांगितली होती.

चिमाजी आणि तिघं आत आले, दाराला कडी घातली. त्याने माझ्या टेबलावर एक वस्तू ठेवली. सायकलची घंटी होती. माझ्या मुलीच्या, रूपालीच्या सायकलची. ती तेव्हा बारा वर्षांची, दुपारी गाण्याच्या क्लासला जायची. त्याने अंगठ्याने ती घंटी एकदा वाजवली. मग माझा हात धरून यंत्रावर दाबला, अक्षरांच्या सगळ्या काड्या एकदम उठल्या आणि एकमेकींत अडकल्या. त्याने मनगट पिळलं, बांगड्या फुटल्या, काचा आत गेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. मी ओरडले नाही. तो बी.कॉम. झालेला, कागद वाचत होता. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे काय आहे?

आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, नीट समजावून सांगितलं. तुकडा म्हणजे काय, बरणी म्हणजे काय, बरणी कुठल्या खोलीत कुठल्या फळीवर असते आणि तिथे सकाळी कोण एकटा असतो. त्याने विचारलं नव्हतं तेही सांगितलं. भीतीने माणूस गप्प होतो असं म्हणतात, मी बोलत सुटले. मग तो म्हणाला, कागद बदला. मी बदलला. ओळ गाळली. डॉक्टरांनी चौदा कागदांबरोबर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा प्रत घ्यायला आले. कागद हातात घेऊन वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला आणि म्हणाले, ‘बाई, आपली आगगाडी कुठं गेली?’ मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितली नाही. बरणी ओतून टाका. दादांनी माझ्याकडे पाहिलं. साडीच्या पदराखाली मी मनगट लपवलं होतं. ते ‘बरं’ म्हणाले आणि गेले. मला तेव्हा म्हणता आलं असतं, दादा, आज तिथे थांबू नका. एवढं पाच शब्दांचं वाक्य. मी नाही म्हटलं.

नंतर वॉर्डात मी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन गेले. साळूबाई भरवत होत्या. दादा माझ्या हाताकडे बघून म्हणाले, ‘बाई, मनगटाला काय झालं?’ मी म्हटलं, बांगडी अडकली. ते म्हणाले, ‘लय घट्ट व्हती म्हणायची.’ बस्स. अकरा वर्षांत त्यावर एक शब्द नाही. चौकशी झाली तेव्हा नाही, कोर्टात नाही. का नाही बोललात दादा? माझ्या मुलीसाठी? रूपालीचं लग्न झालं, ती आता बंगळुरूला असते, काल मी तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, जा आणि बोल.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं मी इतरांबद्दल पुष्कळदा म्हटलेलं आहे. साहेब, इथला संन्यासी तुम्ही होतात. तुम्ही अकरा वर्षं मानत आलात की आपण विसरलो. मला आठवतं, सुरगाण्याहून परत आल्यावर तुम्ही प्रत्येक अहवाल तीन-तीनदा वाचायला लागलात आणि मला म्हणालात, बाई, माझ्या डोक्याचा आता मला भरवसा नाही. मी तुम्हाला चहा मागवला. तेव्हाही सांगितलं नाही. तुमचं डोकं ठीक होतं.

निरीक्षक साहेब, तुमच्यासमोर पुष्पगुच्छाखाली एक पाकीट ठेवलेलं आहे. त्यात माझं लेखी निवेदन आहे, तारखेसह, सहीसह. सोबत सायकलची ती घंटी आहे. चिमाजी ती टेबलावरच विसरून गेला होता, मी इतकी वर्षं कपाटात ठेवली. वकील म्हणतात, इतक्या वर्षांनी सुटलेल्या माणसाविरुद्ध याचा उपयोग होईल, न होईल, सांगता येत नाही. माझ्यावर मात्र कारवाई होऊ शकते. व्हावी. पुढच्या महिन्यात माझंही निवृत्तीचं वय होतंय, तेव्हा माझ्यासाठी असा समारंभ ठेवू नका, एवढी विनंती आहे.

साळूबाई, तीन महिने तुम्ही नवऱ्याला घास भरवलात, तो माझ्या तोंडामुळे. रावजीभाऊ, तुमच्या ललिताला पुरता न्याय मिळाला नाही, त्यातला राहिलेला तुकडा माझ्याकडे होता. मी तुमच्याकडे आज काय मागणार? तुम्ही उठून गेलात तरी माझी तक्रार नाही.

बसून राहिलात. बरं.

समारोप करते. आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी उकाड्यात, अंधारात शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अशा भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास क्षमस्व, असं म्हणायची पद्धत आहे. अधिक काही झालेलं नाही. उणं एक झालं होतं, ते आता भरून काढते आणि त्याचीच क्षमा मागते. दादा, तुम्ही मला एक वाक्य करायला सांगितलं होतं, मी वेळ नाही म्हटलं होतं. आता करते.

शब्द, हिस्टोपॅथॉलॉजी. वाक्यात उपयोग.

‘ललिताच्या गळ्याला दोर जिवंतपणी लागला की मृत्यूनंतर, याबाबतचे मत हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवण्यात येत आहे.’

हे डॉ. किशोर कोठावदे यांनी सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि टाइपही केलं होतं. धन्यवाद.